गांधीबाग ते अपोलो बंदर

नागपूरच्या गांधीबागेत कापड विकणाऱ्यांच्या दोन तऱ्हा आहेत. एक, माणसाच्या अंगावरचं विकणारे. साड्या, धोतरं, सुटिंग-शर्टिंग, लग्नाचा बस्ता. दुसरे, माणूस सोडून बाकी सगळं झाकणारं विकणारे. ताडपत्री, तंबूचा कॅनव्हास, मंडपाच्या कनाती, ट्रकवरची झाकणं. आम्ही दुसऱ्यांतले. बस्त्याला आलेली मंडळी आमच्या दुकानापुढून नाकाला रुमाल लावून जातात, कारण मेण चढवलेल्या कापडाला वास असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत तो सगळ्या गल्लीत भरतो. आम्हाला तो येत नाही.

आमचा हंगाम रोहिणीपासून मृगापर्यंत. कळमन्याचे अडते धान्याच्या थप्प्या झाकायला येतात, ट्रकवाले येतात, कौलं गळणारे घरमालक येतात, आणि प्रत्येकाला ताडपत्री कालच हवी असते. मृग बरसला की धंदा थंड. दिवाळीनंतर बिछायतवाले कनाती शिवायला टाकतात, तोवर माश्या मारायच्या आणि उधारी वसूल करत हिंडायचं. वडील एम्प्रेस मिलमध्ये घडी खात्यात होते. मिलचा भोंगा झाला की आमच्या घरातच काय, अर्ध्या शहरात चुली पेटायच्या. पुढे त्यांनी नोकरी सोडून हे दुकान टाकलं, आणि बी.कॉम. होऊन मी सत्तरच्या दशकात गादीवर बसलो.

अशा दुकानदाराने यॉट क्लबच्या इतिहासावर लिहावं, हे जरा उलटंच. मुंबईच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या पायऱ्या मी आजवर चढलेलो नाही, आणि शिडाच्या होडीतही कधी बसलेलो नाही. पण कापडाच्या निमित्ताने त्या इमारतींच्या आसपास माझं येणं-जाणं झालं. फिरता फिरता, विचारता विचारता, थोडं जुनं वाचता वाचता कळलं की त्या क्लबच्या गोष्टीतला एक धागा आमच्या जुम्मा तलावाकाठून निघालेला आहे. नागपुरात ही गोष्ट कुणी सांगताना मी ऐकली नाही, म्हणून लिहायला घेतलं.

माल घ्यायला मुंबईला जावं लागायचं. रात्रीच्या गाडीने निघायचं, सकाळी व्ही.टी.ला उतरायचं, चहा-पाव खायचा आणि मस्जिद बंदरची वाट धरायची. अंगावरच्या कापडाचे व्यापारी मूळजी जेठा मार्केटात शिरायचे, आमच्यासारखे दोरखंड आणि कॅनव्हासच्या गल्ल्यांत. तिथल्या एका वखारीच्या माळ्यावर एक म्हातारे कारागीर बसायचे. रत्नागिरीकडचे, शिडं शिवण्यात उभा जन्म गेलेला. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायला लागलो. मासेमारीच्या गलबतांची शिडं तेव्हा कमी होत चालली होती, कारण इंजिनं आली होती. त्यांच्याकडे येणारं बरंचसं काम कुलाब्याकडच्या हौशी लोकांच्या होड्यांचं असायचं.

मी थान उलगडून कॅनव्हास तपासत होतो. उभा ताणून पाहिला, आडवा ताणून पाहिला, पन्हा मोजला, बोटाने धागे मोजले. वडिलांनी शिकवलेली पद्धत. चाचा बघत होते. म्हणाले, "शेठ, उभा बघितला, आडवा बघितला. तिरका कोण बघणार?"

त्यांनी कापडाचा एक चौकोनी तुकडा घेतला, समोरासमोरचे कोपरे दोन्ही हातांत धरले आणि ओढला. चौकोनाची पतंगी झाली. दुसऱ्या थानाचा तुकडा तसाच ओढला, तो जवळजवळ हललाच नाही. दोन्ही थानांचं वजन तेच, भाव जवळपास तोच. तंबूला दोन्ही चालतात. शिडाला पहिलं चालत नाही. तंबूवर ओढ लागते ती बहुतेक ताण्याच्या किंवा बाण्याच्या रेषेत. शीड मात्र तीन कोपऱ्यांतून ओढलेलं असतं आणि मधोमध वारा ढकलत असतो, त्यामुळे ताण कापडावरून तिरका धावतो. वीण सैल असेल तर शिडाचं पोट हवं तिथे न राहता मागे सरकतं, आणि वारा होडीला पुढे नेण्याऐवजी आडवी करायला लागतो. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षं घालवलेल्या घरात मी वाढलो, पण ही परीक्षा मला तोवर कुणी दाखवली नव्हती.

त्यांची हत्यारं मोजकीच होती. तळहातावर चढवायचा चामड्याचा पट्टा, त्यात अंगठ्याच्या मुळाशी बसवलेली खाचांची धातूची चकती. सुईचं बूड त्या चकतीवर टेकवून सगळ्या हाताच्या जोराने सुई पार करायची. सुई गोल नाही, तीन धारांची. दोऱ्याला मधमाशीचं मेण. एक लाकडी टोकदार खुंटा, भोक रुंद करायला. कोपऱ्यातलं पितळी कडं ते ठोकत नसत, शिवत. आम्ही ताडपत्रीला रिंग ठोकतो, एका मिनिटात पाच-सात. त्यांचं एक कडं शिवून व्हायला चहा थंड व्हायचा. मी म्हटलं, ठोकून टाका की. ते म्हणाले, ठोकलेलं निघालं तर तुमची धान्याची थप्पी भिजेल, माझा माणूस बुडेल.

सुती शिडाची आणखी एक गंमत त्यांच्याकडून कळली. नवं शीड पहिल्या दिवशी कधी करकचून ताणायचं नाही. मंद वाऱ्यात उभारायचं, थोडी ओढ द्यायची, उतरवायचं, पुन्हा काही दिवसांनी थोडी जास्त ओढ. घाई केली की काठ कायमचा वाकडा होतो. पाऊस लागला की सूत आकसतं, तेव्हा दोऱ्या लगेच ढिल्या करायच्या. खाऱ्या पाण्याने ओलं शीड तसंच गुंडाळून ठेवलं की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. म्हणून मुंबईतल्या हौशी होड्यांचा हंगाम आमच्या हंगामाच्या बरोबर उलटा. पावसाळा आला की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, शिडं गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, घडी करून ठेवायची. दिवाळीच्या आसपास पुन्हा बाहेर काढायची. ज्या महिन्यात मला श्वास घ्यायला फुरसत नसायची, त्या महिन्यात चाचा माळ्यावर बिड्या फुंकत बसलेले असायचे.

एकदा त्यांनी दुरुस्त केलेलं शीड पोचवायला एक पोऱ्या निघाला, तेव्हा मीही त्याच्याबरोबर टॅक्सीत बसलो. गेटवेपाशी उतरलो. समोरच्या पाण्यात शिडांच्या लहान होड्या नांगरून डुलत होत्या. त्यांत सीबर्ड नावाच्या जुन्या वर्गाच्या होड्या कुठल्या, हे पोऱ्याने बोटाने दाखवलं. मागे वळून त्याने क्लब दाखवला. उंच छपरांची, जुनी, दगडी, कमानींची इमारत. शीड पोचवायचं ते धक्क्यावरच्या तांडेलाकडे, त्यामुळे आमचा क्लबच्या दाराशी संबंध आला नाही. मी पोऱ्याला विचारलं, कधीचा आहे हा क्लब? तो म्हणाला, "राणीच्या टायमाचा." उत्तर बरोबर होतं.

क्लब स्थापन झाला १८४६ साली. मुंबईत तेव्हा आगगाडी नव्हती, कापडाची एकही गिरणी नव्हती आणि राज्य अजून कंपनी सरकारचं होतं. गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना करमणूक हवी होती आणि बंदर तर अंगणातच होतं. १८७६ साली व्हिक्टोरिया राणीने 'रॉयल' ही पदवी दिली. जगात याहून जुने क्लब आहेत. आयर्लंडमधल्या कॉर्कचा क्लब आपली सुरुवात १७२० पासून मोजतो, आणि इंग्लंडचं रॉयल यॉट स्क्वाड्रन १८१५ चं. आपल्याकडे पुण्यातला रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा, पण तो नदीवरचा, वल्ह्यांचा. मद्रासचा यॉट क्लब तर १९११ चा. म्हणजे या देशात हौसेने शिडं उभारण्याच्या उद्योगात मुंबईचा क्लब थोरला.

आता जिथे माझ्यातला कापडवाला जागा होतो, तिथे येतो. मुंबईचा क्लब पाच वर्षांचा असताना इंग्लंडच्या समुद्रात एक शर्यत झाली. २२ ऑगस्ट १८५१, आइल ऑफ वाइट बेटाभोवती. 'अमेरिका' नावाची एक परकी होडी आली आणि डझनभराहून अधिक इंग्रजी होड्यांना मागे टाकून गेली. तिने जिंकलेल्या चषकासाठी आजही शर्यती होतात. ती का जिंकली यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. होडीच्या बांध्याला मोठं श्रेय आहेच. पण एक कारण शिडांचं होतं. इंग्रजी शिडं लिननची, म्हणजे जवसाच्या जातीच्या झाडापासून काढलेल्या धाग्याची, सैल विणीची, वाऱ्यात फुगणारी. अमेरिकन शिडं यंत्रावर घट्ट विणलेल्या सुताची. ती सपाट उभी राहिली. चाचांची तिरकी परीक्षा इंग्रजांनी भर समुद्रात, साऱ्या दरबारासमोर दिली आणि त्यांचं कापड नापास झालं. त्यानंतर इंग्रजी होड्याही हळूहळू सुताकडे वळल्या.

सूत म्हटलं की कापूस आला, आणि कापूस म्हटलं की आमचा मुलूख. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, तेव्हा १८६१ ते १८६५ या वर्षांत वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. कापूस इथून मुंबईला, मुंबईहून मँचेस्टरला, आणि तिथून कापड होऊन पुन्हा इथे. हा वळसा एका पारशी व्यापाऱ्याच्या डोळ्यांत खुपला. जमशेटजी टाटांनी हिशोब मांडला: हिंगणघाट-वर्ध्याचा कापूस दारात, वरोऱ्याच्या खाणीतला कोळसा जवळ, रेल्वे आलेली, आणि विणकरांचं शहर गिऱ्हाईक म्हणून तयार. १८७४ साली पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली आणि गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातल्या जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून तिथे गिरणी उभी केली. गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी दिल्लीत राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून गिरणीचं नाव पडलं एम्प्रेस.

म्हणजे जेमतेम वर्षभराच्या अंतरात एकाच राणीचं बिरूद मुंबईच्या क्लबला मिळालं आणि नागपूरच्या गिरणीलाही लागलं. एकाला राणीने दिलं, दुसऱ्याने स्वतः लावून घेतलं. व्यापारी म्हणून मला दुसरं जास्त हुशारीचं वाटतं. नाव राणीचं, नफा आपला.

आणि नफा झाला. सुरुवातीची यंत्रं सुमार निघाली तर ती बदलली. रिंग स्पिंडल नावाची नवी चाती विलायतेतल्या गिरण्याही घ्यायला कचरत होत्या, ती इथे लावून पाहिली. गिरणीत आर्द्रता राखायची, आग विझवायची यंत्रणा आली. वडील या गिरणीबद्दल बोलताना एखाद्या कर्त्या काकाबद्दल बोलावं तसं बोलत. टाटांच्या पुढच्या सगळ्या डोलाऱ्याचा पहिला भक्कम खांब ही गिरणी होती, हे कुठल्याही चरित्रात सापडेल. त्या डोलाऱ्यातला एक मजला अपोलो बंदरावर, म्हणजे गेटवेपाशी, चढला. ताजमहाल हॉटेल, १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं. यॉट क्लबपासून हाकेच्या अंतरावर.

क्लबचा रुबाब तोवर भरात आला होता. १८८० च्या दशकात त्याने ऐन धक्क्यावर, पाण्याला लागून, क्लबघर बांधलं होतं. ते शतक सरता सरता जॉन ॲडम्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर सभासदांच्या राहण्यासाठी दुसरी मोठी इमारत रस्त्यापलीकडे उठली. विलायतेहून आलेला साहेब अपोलो बंदरावर पाय ठेवायचा तो जवळजवळ क्लबच्या हिरवळीवरच. आणि त्या हिरवळीवर हिंदी माणूस सभासद म्हणून येऊ शकत नव्हता. खानसामा म्हणून येऊ शकत होता, पट्टेवाला म्हणून, तांडेल म्हणून, खलाशी म्हणून. लॉर्ड विलिंग्डन मुंबईचे गव्हर्नर असताना त्यांच्या हिंदी पाहुण्यांना साहेबांच्या क्लबात मज्जाव झाला आणि म्हणून त्यांनी सर्वांना खुला विलिंग्डन क्लब काढला, अशी गोष्ट सांगतात. कोणत्या क्लबात, कुणाला, यावर सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. विलिंग्डन क्लब १९१८ चा, एवढं पक्कं.

तशीच गोष्ट ताजची. जमशेटजींना एका गोऱ्या हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून रागाने त्यांनी ताज बांधलं. ही गोष्ट आम्हाला शाळेत छाती फुगवून सांगितली गेली, आणि मला ती कधी पटली नाही. अपमानाच्या रागाने माणूस भांडतो, फार तर दुकान बदलतो. इतकं भांडवल समुद्राकाठी ओतत नाही. १८९६ पासून प्लेगने मुंबईची अब्रू गेली होती, शहरात नाव घेण्यासारखं हॉटेल नव्हतं, आणि बोटीतून उतरणारा श्रीमंत प्रवासी त्याच धक्क्यावर उतरत होता. ज्या डोक्याने नागपूरच्या दलदलीत गिरणी पाहिली, त्याच डोक्याने तिथे हॉटेल पाहिलं. पण क्लबच्या बंद फाटकाशेजारी पैसे मोजणाऱ्या कुणालाही उघडं असलेलं दार त्याने बांधलं, हे खरंच आहे, आणि ते बांधताना त्याला शेजारी कोण आहे हे दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आता या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. होमी भाभा नावाचा केंब्रिजला शिकलेला तरुण पदार्थवैज्ञानिक महायुद्धामुळे भारतात अडकला. मार्च १९४४ मध्ये त्याने सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. जागा अपुरी पडायला लागली. तोवर देश स्वतंत्र झाला होता. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची गोरी पलटण गेटवेच्या कमानीखालून बोटीत चढली होती. क्लबचे बरेच जुने सभासदही गेले. पाण्याकाठचं ते जुनं क्लबघर सोडून क्लब रस्त्यापलीकडच्या इमारतीत आवरून बसला. आणि १९४९ मध्ये रिकाम्या क्लबघरात भाभांची संस्था आली. जिथे हिंदी माणसाला खुर्ची नव्हती, तिथे हिंदी माणसं फळ्यावर विश्वकिरणांची गणितं मांडू लागली. त्यांत एक होते दामोदर धर्मानंद कोसंबी. आपल्याला ते इतिहासकार म्हणून ठाऊक. पगार त्यांना गणिताचा मिळत होता. पुण्याहून डेक्कन क्वीनने येऊन ते इथे काम करत. पुढे संस्था कुलाब्याच्या टोकाला नव्या इमारतीत गेली, पण १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा विभागाने हे आवार सोडलं नाही. त्याचं मुख्यालय, अणुशक्ती भवन, आज तिथेच आहे.

दोराबजी हे जमशेटजींचे थोरले चिरंजीव, ट्रस्ट त्यांच्या संपत्तीतून झालेला, आणि त्या संपत्तीच्या तळाशी आमच्या तलावाकाठची गिरणी. घडी खात्यात उभं राहून माझ्या वडिलांनी ज्या थानांवर शिक्के मारले, तशाच थानांच्या पैशांतला काही अंश या जुन्या क्लबघराच्या नव्या संसाराला लागला, हे मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मंग पेन्शन काऊन वाढवत नव्हते?"

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांच्या हातून गेली, सरकारी महामंडळाने चालवली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. यॉट क्लब चालू आहे, 'रॉयल'सकट. आमच्या शहराने जुम्मा दरवाजाचं गांधी गेट केलं, जुम्मा तलावाचं गांधीसागर केलं. क्लबने नावाला हात लावला नाही, दार मात्र उघडलं. दाराचं महत्त्व जास्त, असं माझं मत. १९८२ च्या आशियाई खेळांत शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं. नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला 'म्हादेई' घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि जगाला वळसा घालून १९ मे २०१० ला मुंबईतच परतले. एकट्याने असा वळसा घालणारे ते पहिले भारतीय. गोऱ्या साहेबांच्या हौसेचा खेळ इथवर आला.

क्लबांच्या इतिहासात एक गोष्ट मात्र मला सापडत नाही. कमोडोर सापडतात, गव्हर्नर सापडतात, चषकांवर कोरलेली नावं सापडतात. होडी कुणी सांभाळली, शीड कुणी शिवलं, भरतीच्या वेळी मध्यरात्री नांगर कुणी तपासला, ते सापडत नाही. चाचांनी शिवलेल्या कितीतरी शिडांनी शर्यती जिंकल्या असतील. चषक दिला त्याला, ज्याच्या हातात सुकाणू होतं. तेही चूक नाही. पण इतक्या जुन्या संस्थांच्या कपाटांत पगारपत्रकं असणारच, आणि त्यांत कोकणातली, कोळीवाड्यांतली नावं असणारच. ती कुणीतरी काढायला हवीत.

काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानात एक प्रशिक्षक आले. मुलांना शिडाची होडी शिकवायच्या खटपटीत होते. गुंडाळलेलं पांढरं शीड त्यांनी गादीवर ठेवलं. ऑप्टिमिस्ट होडीचं. अमेरिकेत क्लार्क मिल्स नावाच्या गृहस्थाने १९४७ साली मुलांसाठी काढलेला हा प्रकार. लांबी अडीच मीटरच्या आत. शीड पट्टीच्या खिशापाशी फाटलं होतं. शेजारचा दुकानदार डोकावून म्हणाला, "काऊन भाऊ, समुद्र आला का नागपुरात?"

कापड सुती नव्हतं. पॉलिस्टर, घट्ट, हातात कागदासारखं कडकडणारं. मी समोरासमोरचे कोपरे धरून तिरकं ओढलं. हललं नाही. चाचांच्या शिडांचं युग याच धाग्याने संपवलं होतं: पन्नासच्या दशकापासून पॉलिस्टरची शिडं आली, ती ना आकसत, ना कुजत. आमचंही तसंच झालं होतं. प्लास्टिकची निळी ताडपत्री आली आणि मेणाच्या कापडाचा धंदा तिने निम्म्यावर आणला.

शिवण सरळ टाक्याची नसून झिगझॅग होती, कारण ताण आला की सरळ टाक्याचा दोरा तुटतो, नागमोडी टाका थोडा वाव देतो. आमच्या कारागिरांकडे जाड कापडाची मशिनं, सगळी सरळ टाक्याची. झिगझॅग आणायची कुठून? कारागिरानेच उत्तर काढलं. इतवारीच्या एका बोळात अंतर्वस्त्रांचा छोटा कारखाना होता, तिथे इलॅस्टिक बसवायला झिगझॅग मशीन होती. शीड तिथे नेलं. कारखान्यातल्या बाईंनी कापड उलटसुलट करून पाहिलं, सुई बदलली, दोन चिंध्यांवर टाका जुळवला आणि ठिगळ बसवलं. प्रशिक्षकांनी ते पाण्यावर नेऊन वाऱ्यात पाहिलं आणि निरोप पाठवला, टिकलंय. बाईंनी पैसे घेतले ते चड्डीच्या इलॅस्टिकच्या भावाने.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. हैदराबादेत, भर शहरात, हुसेन सागरावर राष्ट्रीय दर्जाच्या शर्यती होतात. तोही तलावच. आपल्याकडे अंबाझरी आहे, फुटाळा आहे, गोरेवाडा आहे. नौदल एनसीसीचे पोट्टे-पोट्टी अंबाझरीवर होड्या शिकतात. दुरुस्तीला कारागीर इथेच मिळतो, हे इतवारीच्या त्या बोळाने दाखवून दिलं. अडतं ते पाण्यापाशी. गांधीसागरात निर्माल्य आणि सांडपाणी जायचं थांबत नाही, तोवर तिथे शीड उभारण्याची भाषा करण्यात अर्थ नाही. क्लबला इमारत, पदवी, हिरवळ नसली तरी चालते, पण पाणी स्वच्छ लागतं. महापालिकेने आधी तेवढंच करावं. पुढचं पोरं बघतील.

आणि नागपूरकर मुंबईला गेले की गेटवेला जातातच. कमानीखाली उभं राहून सगळे समुद्राकडे तोंड करून फोटो काढतात. एकदा समुद्राकडे पाठ करून उभे राहा. डाव्या हाताला ताज दिसेल. उजव्या हाताला पाण्यालगत अणुऊर्जा विभागाचं आवार, म्हणजे जुना यॉट क्लब. समोर उजवीकडे शिवरायांच्या पुतळ्यापलीकडे आजचा क्लब. ताजच्या आणि त्या जुन्या क्लबघरात आलेल्या भाभांच्या संस्थेच्या पैशांतला काही अंश कुठल्या तलावाकाठून निघाला, ते बरोबरच्या पोरांना सांगा. शाळेत त्यांना हे कुणी सांगणार नाही.